चमत्कार ठेवला, सवाल कापला!

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. शाळाशाळांतून तक्ते लागतात, थर्मोकोलचे ज्वालामुखी फेसाळतात आणि प्रमुख पाहुणे उभे राहून ठरलेलं भाषण करतात. ज्यूल व्हर्नने पाणबुडी आधीच पाहिली होती, एच. जी. वेल्सने अणुबाँब आधीच सांगितला होता, म्हणून मुलांनो, विज्ञानकथा वाचा! टाळ्या पडतात, चहा होतो आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत विज्ञानकथा कपाटात जाते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या वर्गांत शिकवणारी माणसं या टाळ्यांत सामील होऊ शकत नाही. विज्ञानकथेची ही तारीफ वरवर गोड असली तरी ती तिला मारून टाकणारी आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्योतिषाला आपण हसतो आणि विज्ञानकथाकाराला मात्र ज्योतिषी म्हणून हार घालतो, हा कसला विज्ञानवाद?

मुळात हे भाकिताचं गणित तपासून पाहिलं तर जुळतच नाही. व्हर्नची 'समुद्राखाली वीस हजार लीग' ही कादंबरी १८६९-७० साली आली. तिच्या सत्तर वर्षं आधी, १८०० साली, रॉबर्ट फुल्टन या अमेरिकी माणसाने फ्रान्समध्ये पाणबुडी बांधली होती आणि तिचं नावही 'नॉटिलस'च होतं. फ्रेंच नौदलाची 'प्लाँझर' ही पाणबुडी १८६३ साली पाण्यात उतरली होती. व्हर्नने भविष्य पाहिलं नाही, आपल्या काळातलं यंत्र डोळसपणे पाहिलं. आणि जिथे त्याने भविष्य रंगवलं तिथे तो सपशेल चुकलाही. १८६५च्या कादंबरीत तो माणसांना तोफेतून चंद्राकडे उडवतो. प्रत्यक्षात तसं केलं तर त्या धक्क्यानेच आतल्या माणसांचा लगदा होईल. वेल्सच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मधले मंगळवासी १८९८ साली लंडनवर चालून आले. १९६५ साली 'मरिनर ४' यानाने मंगळाची छायाचित्रं पाठवली तर तिथे नुसते खड्डे. '२००१ : अ स्पेस ओडिसी' या १९६८च्या चित्रपटात माणसं २००१ साली गुरूकडे निघतात, २००१ आलं आणि गेलं, गुरूकडे कुणी माणूस गेला नाही. 'ब्लेड रनर' हा १९८२चा चित्रपट २०१९ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो. तेही साल उलटलं, उडत्या मोटारी काही दिसल्या नाहीत.

भाकितं खोटी ठरली म्हणून ही पुस्तकं रद्दीत गेली का? नाही. मग माणसं ती शंभर-दीडशे वर्षं का वाचतात, ते चित्रपट पुन्हा पुन्हा का पाहतात? आमचं उत्तर सरळ आहे. यंत्राच्या आडून या गोष्टी सत्तेला सवाल करतात. ताकद कोणाच्या हाती आहे, तिची किंमत कोण मोजतो, माणूस म्हणून कोणाला मोजलं जातं आणि कोणाला नाही, हे ते सवाल. ते जुने होत नाहीत म्हणून ही पुस्तकं जुनी होत नाहीत. आणि म्हणूनच या पुस्तकांना वारंवार कात्री लागलेली आहे. चमत्कार ठेवायचा, सवाल कापायचा, हा धंदा दीडशे वर्षं चालू आहे. विज्ञान दिनाचं ते भाषण त्याच कात्रीचं शाळकरी रूप आहे.

पुरावा हवा? कॅप्टन नेमोपासून सुरुवात करू.

आज मुलांना नेमो विचारला तर ती नारिंगी मासा सांगतात, कारण २००३ सालचा कार्टूनपट. त्यांचा दोष नाही. पण आमच्या शिक्षकांपैकी तरी किती जणांना ठाऊक आहे की 'नॉटिलस'चा कप्तान नेमो हा हिंदुस्थानी होता? १८७४-७५च्या 'मिस्टिरिअस आयलंड' या कादंबरीत व्हर्न ते उघड करतो. नेमोचं खरं नाव प्रिन्स डाक्कार. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानचा भाचा. बुंदेलखंड आणि म्हैसूर यांची सोयरीक व्हर्नने कशी जुळवली ते तोच जाणे. हिंदुस्थानचा इतिहास त्याला कामापुरताच माहीत होता. पण मुद्दा नात्याचा नाही. हा डाक्कार युरोपात शिकतो, मायदेशी परततो, १८५७च्या उठावात लढतो, जखमी होतो, बायको आणि मुलं गमावतो. पुढे आपलं सारं विज्ञान घेऊन तो समुद्राच्या पोटात शिरतो आणि 'नेमो', म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणीही नाही', हे नाव घेतो. घर, देश आणि नाव गमावलेल्या माणसाने घेतलेलं हे नाव आहे.

आधी व्हर्नला तो पोलिश सरदार करायचा होता, रशियाने ज्याचं घर उजाडलं असा. त्याच्या प्रकाशकाला, हेत्झेलला, ते नको होतं, कारण रशियन बाजारपेठ आणि रशियन मैत्री. म्हणजे पुस्तक छापण्याआधीच पहिली कात्री लागली. दुसरी कात्री इंग्रजी भाषांतरांत. १८७०च्या दशकात लंडनमध्ये निघालेल्या पहिल्या भाषांतरात 'वीस हजार लीग'चा सुमारे पाव भाग गायब झाला. 'मिस्टिरिअस आयलंड'च्या त्या काळच्या रूढ इंग्रजी भाषांतरात तर डाक्कारच्या कहाणीचा रोखच फिरवला गेला आणि इंग्रजांवरचा राग बोथट करून टाकला गेला. साहजिकच होतं. १८५७चा बंडखोर इंग्रज मुलांचा नायक कसा होणार? मग मुलांसाठीच्या आटोपशीर आवृत्त्या आल्या. त्यांत पाणबुडी राहिली, आठ हातांचा राक्षसी प्राणी राहिला. नेमोचा मुलूख गळाला. १९५४च्या हॉलिवूड चित्रपटात नेमो झाला इंग्रज नट जेम्स मेसन. हिंदुस्थानी चेहऱ्याचा नेमो हॉलिवूडच्या पडद्यावर पाहायला २००३ साल उजाडावं लागलं. 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन'मध्ये नसीरुद्दीन शाह यांनी ती भूमिका केली.

नेमोबद्दल आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना मुद्दाम सांगायची आहे. सिलोनजवळच्या समुद्रात तो एका गरीब हिंदुस्थानी पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो, त्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो आणि आपण त्याच दबलेल्या मुलखाचे आहोत असं सांगतो. पुढे भूमध्य समुद्रात तो सोन्याने भरलेली पेटी कोणाकडे पाठवतो? कादंबरीचा इशारा क्रीट बेटावरच्या बंडखोरांकडे आहे. त्या वेळी क्रीटचे ख्रिस्ती लोक तुर्की सुलतानाच्या राजवटीविरुद्ध उठले होते. म्हणजे टिपूचा हा भाचा तुर्की सल्तनतीविरुद्ध पैसा पुरवतो! जालीम कोणत्या धर्माचा आणि मजलूम कोणत्या धर्माचा, हे तो विचारत नाही. जुलूम दिसला की त्याची बाजू ठरते. फक्त आपल्यावरच्या अन्यायापुरते डोळे उघडणाऱ्या प्रत्येक समाजाने, आमच्याही, हा प्रसंग वाचायला हवा.

आता दुसरं उदाहरण घेऊ. 'फ्रँकेनस्टाइन'. मराठी वर्तमानपत्रांत आजही हा शब्द 'भस्मासुर' या अर्थाने वापरला जातो. अमक्याने पोसलेला फ्रँकेनस्टाइन त्याच्यावरच उलटला, असं संपादक लिहून मोकळे होतात. पहिली गोष्ट, फ्रँकेनस्टाइन हे त्या जिवाचं नाव नाही, त्याला घडवणाऱ्याचं आहे. त्या जिवाला कादंबरीभर नावच नाही. आणि दुसरी गोष्ट, तो भस्मासुर नाही. भस्मासुराला वर मिळाला आणि तो माजला. मेरी शेलीने घडवलेल्या जिवाला जन्मताच टाकून दिलं गेलं.

१८१६ साली अठरा वर्षांच्या मेरीने ही गोष्ट लिहायला घेतली आणि १ जानेवारी १८१८ला ती तिच्या नावाशिवाय छापली गेली. तिच्या मधल्या प्रकरणांत जे आहे ते आम्हा भाषा शिकवणाऱ्यांना हलवून सोडणारं आहे. हा टाकलेला जीव एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपतो आणि भिंतीच्या फटीतून आत पाहतो. त्या घरात सफी नावाची एक परकी मुलगी येते. ती एका तुर्की व्यापाऱ्याची मुलगी. आई अरब ख्रिस्ती. तिला त्या घराची भाषा येत नाही, म्हणून घरातला तरुण तिला शिकवायला बसतो. आत सफी शिकते आणि भिंतीपलीकडे तो नावं नसलेला जीवही त्याच धड्यांवर बोलायला आणि वाचायला शिकतो. तिच्यापेक्षा लवकर शिकतो! सफीच्या बापावर पॅरिसमध्ये खटला चालतो तेव्हा गुन्ह्यापेक्षा त्याचा धर्म आणि त्याची दौलत शिक्षेला कारण झाली, असंही मेरी लिहिते. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज मुलीने लिहिलं आहे हे. मुसलमान स्त्रियांच्या आयुष्याबद्दल त्या काळच्या युरोपचे जे गैरसमज होते तेही तिच्या लिखाणात आहेत, ते झाकायचं कारण नाही. पण दुसऱ्याच्या भाषेत शिकणं म्हणजे काय आणि भाषा येऊनही दार न उघडणं म्हणजे काय, हे तिला कळलं होतं. तो जीव भाषा शिकतो, मोठमोठे ग्रंथ वाचतो, नम्रपणे आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जाऊन बसतो; आणि डोळस माणसं येताच त्याला मारून हाकलतात. तिथून पुढे तो बिघडतो.

१९३१च्या गाजलेल्या चित्रपटाने काय केलं? बोरिस कार्लोफच्या त्या जिवाची वाचाच काढून घेतली. तो गुरगुरतो, बोलत नाही. सफी गायब, धडे गायब, ग्रंथ गायब. आणि तो हिंसक का झाला याचं कारण दिलं ते असं की नोकराने चुकून एका बिघडलेल्या, गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी चोरून आणली! पुस्तक म्हणतं की वागणुकीने त्याला बिघडवलं. चित्रपट म्हणतो की त्याचा मेंदूच मुळात बदमाश होता. याच विचाराने ब्रिटिश सरकारने १८७१ साली आपल्याकडे जमातीच्या जमाती 'गुन्हेगार' म्हणून नोंदवल्या होत्या. ही माणसं जन्मजातच तशी, असं कुणाकुणाबद्दल आजही कट्ट्यावर बोललं जातं ते आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून आम्ही म्हणतो, मुलांना पुस्तक द्या. नुसत्या चित्रपटावर सोडू नका.

तिसरं उदाहरण जपानचं. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. त्याची राख 'लकी ड्रॅगन' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. सर्वांना किरणोत्साराची बाधा झाली, त्यांतला एक सप्टेंबरमध्ये मरण पावला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा 'गॉडझिला' प्रदर्शित झाला. चित्रपट सुरू होतो तो समुद्रातल्या एका बोटीच्या नाशाने! जपानी प्रेक्षकाला कुणी अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. १९५६ साली तोच चित्रपट अमेरिकेत आला तेव्हा त्यात एक अमेरिकी वार्ताहर घुसडला होता आणि बाँबचे बरेचसे उल्लेख कापले होते. उरला मोठा सरडा, जो इमारती पाडतो. मूळ चित्रपट अमेरिकी चित्रपटगृहांत मोठ्या प्रमाणावर लागायला २००४ साल यावं लागलं. ज्याने बाँब टाकला त्यानेच गोष्टीतून बाँब काढला, आणि मग सगळं जग म्हणालं, गॉडझिला हा पोरांचा सिनेमा आहे!

कात्रीच्या आणखी किती कहाण्या सांगाव्यात? फ्रिट्झ लँगचा 'मेट्रोपोलिस' १९२७ साली बर्लिनमध्ये लागला. जमिनीखाली यंत्रांना जुंपलेले कामगार, वर बागांत खेळणारे मालकांचे पोरगे. थोड्याच दिवसांत त्याचा जवळजवळ चौथा भाग कापला गेला. तो तुकडा गेलाच असं सगळे समजून होते. २००८ साली ब्यूनस आयर्समध्ये जुनी प्रत सापडली आणि २०१०मध्ये चित्रपट बराचसा पुन्हा उभा राहिला. परत आलेल्या भागात एका कामगाराची कहाणी आहे. त्याची ओळख ११८११ या क्रमांकाने. आणि रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'चं काय झालं? पुस्तकं जाळणाऱ्या राज्याची ही १९५३ची कादंबरी. तिचीच एक शालेय आवृत्ती १९६७ साली प्रकाशकाने शब्द गाळून काढली आणि लेखकाला कित्येक वर्षं पत्ता नव्हता! पुस्तक जाळण्याविरुद्धचं पुस्तक शाळेसाठी 'साफ' केलं गेलं. यावर आम्हा शाळामास्तरांनी हसावं की मान खाली घालावी?

आता आमच्याच समाजातल्या आक्षेपांकडे वळू. ते तीन प्रकारचे आहेत.

पहिला आक्षेप : हे सगळं परकं आहे. यावर आमचा सवाल असा की 'तिलिस्म-ए-होशरुबा' ज्यांच्या घरात वाचली गेली त्यांना रॉकेट परकं कसं? १८८३पासून लखनौच्या नवल किशोर प्रेसने तिचे जाडजूड खंड छापले. जादूचे मुलूख, बोलणारे पुतळे, उडणारी सिंहासनं हे सारं त्यांत आहे. नंतरच्या पिढीने इब्ने सफींच्या कादंबऱ्या उशीखाली ठेवून वाचल्या. त्यांच्या इमरान मालिकेतल्या 'झिरो लँड'कडे अशी यंत्रं आहेत की हॉलिवूडने तोंडात बोट घालावं. आमची कल्पनाशक्ती कधीच कोती नव्हती. मात्र तिलिस्म आणि विज्ञानकथा यांत एक फरक आहे आणि तो मुलांना समजावण्यासारखा आहे. तिलिस्म एका ठरलेल्या वीराच्या हातूनच तुटतो. तिची 'लौह', म्हणजे किल्लीची पाटी, त्याच्याच नशिबात असते. विज्ञानकथेतलं यंत्र कोणाचं नशीब पाहत नाही. जो कळ दाबेल त्याचं ते ऐकतं, मग तो साधू असो की चोर. म्हणून तिथे वीराची वाट पाहत बसता येत नाही. कळ कोणाच्या हाती आहे हे प्रत्येकाला विचारावंच लागतं.

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'मध्ये, १९६५ साली, हाच मुद्दा आहे. 'महदी', 'लिसान अल-गैब' असे शब्द पाहून आमची तरुण मुलं खूश होतात. २०२१ आणि २०२४चे चित्रपट पाहून तर फारच. पण हर्बर्टने तारणहाराची आरती ओवाळलेली नाही. करिश्मा असलेल्या नेत्याच्या मागे आंधळेपणाने जाऊ नका, हे सांगायलाच आपण ही कादंबरी लिहिली, असं त्याने वारंवार सांगितलं होतं. शब्द आपले दिसले म्हणून टाळी वाजवणं सोपं आहे. शब्दांच्या पुढे वाचायला हवं.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट : हे सगळं आमचंच आहे, आमच्या बुजुर्गांनी आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. जलशात हे वाक्य फार खपतं. त्यात तथ्य आहेच. बाराव्या शतकात अंदलुसच्या इब्न तुफैलने 'हय्य इब्न यक्जान' लिहिलं. निर्जन बेटावर हरणीने वाढवलेला मुलगा निरीक्षण आणि विचार करत करत सत्यापर्यंत पोहोचतो, अशी ती कहाणी. फुप्फुसांतून होणारं रक्ताभिसरण वर्णन करणाऱ्या इब्न अल-नफीसने तेराव्या शतकात तिला उत्तर म्हणून आपली कथा लिहिली. पण हय्यची लॅटिन आवृत्ती १६७१ साली ऑक्सफर्डमध्ये निघाली आणि थेट अरबीवरून केलेलं इंग्रजी भाषांतर १७०८ साली. त्यांनी वाचलं. आमच्या किती शाळांच्या कपाटांत हय्य आहे? जे पुस्तक आम्ही उघडत नाही त्याचा अभिमान बाळगणं म्हणजे आजोबांच्या जेवणाचे ढेकर नातवाने देणं! शेजारच्या समाजात पुराणातल्या विमानांच्या गप्पा निघाल्या की आपण हसतो. मग तेच हसू आपल्या जलशांतही यायला हवं.

आणि आमच्या जलशांत रुकैया सखावत हुसैन यांचं नाव का येत नाही? १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये त्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा आली. रंगपूरजवळच्या पैराबंद गावच्या या बाई. भावाने आणि बहिणीने घरात गुपचूप शिकवलं म्हणून शिकलेल्या. त्यांच्या स्वप्नातल्या मुलखात बायका विद्यापीठं चालवतात, सूर्याची उष्णता साठवतात, ढगांतून पाणी काढतात आणि चालून आलेल्या शत्रूला सूर्याच्या तापाने परतवतात. पुरुष मात्र 'मर्दान्या'त बंद! कोणत्याही हॉलिवूडवाल्याच्या आधी, हिंदुस्थानातल्या एका मुसलमान बाईने ही विज्ञानकथा लिहिली आणि नुसती लिहून थांबल्या नाहीत. १९११ साली कलकत्त्यात मुलींची शाळा काढली. २०२४ साली 'युनेस्को'ने आशिया-पॅसिफिकच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' नोंदवहीत या कथेचा समावेश केला. स्पेनमध्ये २०२३ साली तिच्यावरून प्रेरणा घेऊन अॅनिमेशनपट निघाला. स्पेनला रुकैया कळल्या. आमच्या गल्लीला कधी कळणार? इब्न तुफैलचा अभिमान बाळगायला काही द्यावं लागत नाही. रुकैयांचा अभिमान बाळगला की घरातल्या मुलीला बारावीनंतरही शिकवावं लागतं. मग जलशाची कात्री कुठे चालते ते समजायला वेळ लागत नाही.

तिसरा आक्षेप पालकांचा आणि तो प्रामाणिक आहे : गोष्टी वाचून नोकरी मिळत नाही, पोरांनी गाइड वाचावं. गरिबाच्या घरातून येणाऱ्या या बोलण्याला आम्ही हसणार नाही. पण जो मुलगा फक्त ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरं पाठ करतो त्याचं काम उद्या यंत्र करणार आहे, किंबहुना आजच करू लागलं आहे. २०२२च्या अखेरीस बोलती संगणकप्रणाली घरोघरी पोहोचली आणि निबंध, पत्रं, उत्तरं ती क्षणात लिहून देऊ लागली. अशा वेळी विचारायचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच विचारून ठेवला आहे. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या 'आर. यू. आर.' नाटकातून 'रोबोट' हा शब्द जगाला मिळाला. तो आला 'रोबोता'वरून आणि रोबोता म्हणजे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायची सक्ती. आपल्या भाषेत वेठ! ज्या शब्दाचा अर्थच वेठबिगार आहे तो आपण मुलांना 'यंत्रमानव' असा चकचकीत करून शिकवतो. यंत्र कोणाचं, राबणारा कोण, नफा कोणाचा आणि घरी बसवला जाणारा कोण? कारखान्यात, यंत्रमागावर, गॅरेजमध्ये बाप राबतो त्या मुलाला हा प्रश्न दुसऱ्या कुणापेक्षाही लवकर कळेल. त्याच्यापासूनच हे पुस्तक दूर ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मराठी साहित्याच्या दरबारालाही दोन शब्द ऐकवायला हवेत. मराठीत विज्ञानकथेची पेरणी झालेली आहे. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली आणि नंतर कळलं की नारायण विनायक जगताप या नावामागे जयंत नारळीकर आहेत. १९७५च्या कराड संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात दुर्गा भागवतांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. पण एका वैज्ञानिकाला संमेलनाध्यक्ष करायला मराठी साहित्याला २०२१ साल लागलं. तो मान नारळीकरांनाच मिळाला. २०२५च्या मे महिन्यात ते गेले. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी इतकं लिहूनही समीक्षक या प्रकाराला अजून बालवाङ्मयाच्या फळीवरच ठेवतात. 'दलित, ग्रामीण, मुस्लिम' असे कप्पे करून त्यांत आम्हाला जसं बसवलं जातं, तसंच. कप्प्यात बसवलेल्या माणसाने दुसऱ्या कप्प्यातल्याला ओळखायला हवं, एवढंच आमचं म्हणणं.

आम्ही या पुस्तकांना पोथीही करणार नाही. वेल्सने मंगळवाल्यांचा हल्ला सांगताना युरोपियनांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा जो संहार केला त्याची आठवण सुरुवातीलाच करून दिली. साम्राज्याच्या राजधानीला तिचंच औषध पाजलं! पण त्याच परिच्छेदात त्या लोकांना तो कमी प्रतीचे समजतो, हेही खरं. व्हर्नच्या 'नॉटिलस'वर एकही बाई नाही. काळ्या माणसांबद्दल त्या काळचे लेखक जे लिहून गेले ते आज वर्गात वाचताना जीभ अडखळते. अशा जागी पान कापू नका. पान उघडं ठेवा, पेन्सिलीने खूण करा आणि मुलांना विचारा, इथे लेखकाचं काय चुकलं? कात्रीच्या विरुद्ध बोलायचं आणि आपल्याला टोचेल तिथे स्वतः कात्री चालवायची, हे चालणार नाही.

तर मग काय करायचं? आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. नेमोची कहाणी डाक्कारसकट, म्हणजे १८५७सकट, उर्दूत आणि मराठीत मुलांपर्यंत जावी. दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक आपल्याकडे भरपूर आहेत, ते हे काम करू शकतात. 'सुलतानाज ड्रीम' ही जेमतेम काही पानांची कथा आहे. प्रत्येक उर्दू शाळेच्या नववीच्या वर्गात ती एका तासात वाचून होते. मुलींनी वाचावी आणि मुलांनी ऐकावी. सफीचं प्रकरण भाषेच्या तासाला वाचलं जावं. मूळ जपानी 'गॉडझिला' एकदा तरी शाळेत दाखवावा आणि आधी फळ्यावर त्या बोटीवरच्या माणसांचा आकडा लिहावा : २३. मंडळांनी, कमिट्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी ट्रॉफ्या आणि शाली यांवरचा खर्च एक वर्ष पुस्तकांकडे वळवावा. आणि या वार्षिकाच्या संपादकांनाही आमची विनंती आहे की पुढच्या अंकात विज्ञानकथेसाठी चार पानं राखून ठेवावीत. लिहिणारी पोरं वर्गात बसलेली आहेत.

कारण शेवटी प्रश्न भविष्याचा आहे आणि भविष्य जे लिहितात त्यांच्याच माणसांनी ते भरलेलं असतं. शंभर वर्षांनंतरच्या मुंबईची, मालेगावची, औरंगाबादची गोष्ट कोणी लिहिली तर तिच्यात आमची सायरा असेल का? ती यानात बसलेली असेल, प्रयोगशाळेत असेल, की भिंतीच्या फटीतून आत पाहत असेल? दुसऱ्याने लिहिलं तर ती कुठे असेल ते दुसरा ठरवेल. रुकैयांनी स्वतः लिहिलं, म्हणून त्यांची सुलताना भर दिवसा, उघड्या चेहऱ्याने रस्त्यावर चालली.